गाड्या उडवणारा सिंघम सुपरहिरो का नाही?

मे महिन्यात चाकरमान्यांची पोरं गावाकडे आली की कुडाळ-सावंतवाडीच्या पट्ट्यात कुठल्याही पडवीत हा वाद ऐकू येतो. एक जण बाहुबलीचं नाव घेतो, दुसरा म्हणतो तो राजा, तो कसला सुपरहिरो. तिसरा मिस्टर इंडिया काढतो, तर चौथा त्याला बाद करतो, कारण मिस्टर इंडियाला उडता येत नाही. माझ्या भाच्यानं यंदा सगळ्यांवर कडी केली : "मामा, सिंघम गाडये उडयता, मगे तो सुपरहिरो कसो नाय?"

प्रश्न पोरकट वाटतो, पण उत्तर द्यायला बसलं की भलेभले चाचपडतात. 'ज्याच्याकडे अचाट शक्ती तो सुपरहिरो' हे उत्तर पटकन तोंडावर येतं आणि तितक्याच पटकन फसतं. बॅटमॅनकडे एकही अचाट शक्ती नाही. हॅरी पॉटरकडे जादू आहे, पण त्याला कोणी सुपरहिरो म्हणत नाही. 'कॉमिक्सवरून काढलेला तो सुपरहिरोपट' हेही चालत नाही. टॉम हँक्सचा 'रोड टू पर्डिशन' (२००२) कॉमिक्सवरूनच काढलेला होता. त्यात मुखवटा नाही की पाठीवरचा झगा नाही, आहेत ते बाप, मुलगा आणि बंदुका. उलट 'द इन्क्रेडिबल्स' (२००४) आधी कुठल्याही कॉमिक्समध्ये नव्हता, थेट पडद्यासाठी लिहिला गेला, आणि तो सुपरहिरोपट नाही असं म्हणायची कोणाची छाती होणार नाही.

तर आधी सिंघमचा निकाल लावू. गाडी हवेत चार कोलांट्या खाते तेव्हा त्या चित्रपटातल्या एकाही माणसाला नवल वाटत नाही. कडेचा भाजीवाला डोळे चोळत नाही, दुसऱ्या दिवशीच्या पेपरात 'इन्स्पेक्टरनं गाडी उडवली' अशी बातमी येत नाही, कोणी शास्त्रज्ञ त्याचं रक्त तपासायला येत नाही. त्या जगात सगळ्याच गाड्या अशा उडतात. ती सिंघमची शक्ती नव्हे, दिग्दर्शकाची शैली आहे.

आता १९७८चा 'सुपरमॅन' आठवा. इमारतीच्या टोकावरून लोइस लेन खाली कोसळते, तो वर उडत येऊन तिला झेलतो आणि धीर देतो की मी धरलंय तुम्हाला. ती घाबरून विचारते, मला तुम्ही धरलंय, पण तुम्हाला कोणी धरलंय? सगळी गोम या प्रश्नात आहे. सुपरहिरोच्या गोष्टीला आपल्यासारखं जग लागतं, जिथे वस्तू खाली पडतात, घरभाडं थकतं, पोलीस उशिरा येतात. अशा जगात एकच माणूस नियमाबाहेरचा निघतो आणि बाकीचे आ वासून बघत राहतात. हॅरी पॉटरच्या शाळेत सगळेच जादूगार, म्हणून तिथे जादू हा अभ्यासक्रम होतो, अपवाद होत नाही.

कोर्टानं काढलेली यादी

सुपरहिरो म्हणजे नेमकं काय, हे ठरवायची पाळी पहिल्यांदा समीक्षकांवर आली नाही. ती न्यायालयावर आली, आणि तीही फार लवकर.

जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन तरुणांचा सुपरमॅन 'ॲक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात आला. अंकावर तारीख होती जून १९३८. तो इतका चालला की वर्षभरात दुसऱ्या एका प्रकाशकानं 'वंडर मॅन' नावाचा गडी बाजारात आणला. सुपरमॅनवाल्यांनी दावा ठोकला आणि १९४० मध्ये न्यूयॉर्कच्या अपील न्यायालयानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला. त्या निकालात न्यायमूर्तींनी दोन्ही कॉमिक्सची पानं शेजारी ठेवून साम्यं मोजली आहेत. दोघेही आपली ताकद साध्या कपड्यांखाली लपवतात. वरचे कपडे उतरवले की दोघेही सर्कशीतल्या कसरतपटूसारख्या अंगाला चिकटलेल्या पोशाखात उभे राहतात. दोघांनाही पीडितांचा कैवारी म्हटलं आहे. दोघेही हातातली बंदूक चुरगाळून टाकतात. दोघेही पौर्णिमेच्या चंद्राच्या दिशेनं रात्रीत धावत जाताना दाखवले आहेत. खरा फरक काय, तर एकाचा गणवेश निळा आणि दुसऱ्याचा लाल, असा शेराही न्यायालयानं मारला. त्याच वेळी हेही बजावलं की नुसत्या बलवान आणि परोपकारी पुरुषाच्या कल्पनेवर कोणाला मक्तेदारी सांगता येणार नाही. हर्क्युलिस सगळ्यांचा आहे.

यातली गंमत अशी, की या प्रकाराला धड नाव मिळण्याआधीच त्याच्या खुणा कायद्याच्या भाषेत नोंदल्या गेल्या. पुढे पीटर कूगन या अमेरिकन अभ्यासकानं २००६ च्या आपल्या पुस्तकात याच धाग्यानं तीन खुणा सांगितल्या : शक्ती, व्रत आणि ओळख. शक्ती म्हणजे अचाट क्षमता, किंवा बॅटमॅनसारखं टोकाला नेलेलं कौशल्य. व्रत म्हणजे स्वतःच्या फायद्यापलीकडचं काम, दुष्टांशी लढण्याचं. ओळख म्हणजे घेतलेलं नाव आणि त्या नावाला साजेसा पोशाख, जो बघितल्याबरोबर हा कोण ते कळावं.

या तिन्ही एकाच चित्रपटात, अगदी टप्प्याटप्प्यानं बघायच्या असतील तर २००२चा 'स्पायडर-मॅन' लावावा. पीटर पार्करला कोळी चावतो आणि तो भिंती चढू लागतो. झाली शक्ती. पण या घडीला तो सुपरहिरो नाही, चष्मा सुटलेला एक खुशीतला पोरगा आहे. त्या शक्तीचं तो पहिलं काय करतो? पैसे मिळवायला कुस्तीच्या आखाड्यात जातो. अंगावर घरी जुळवलेला, बराचसा हास्यास्पद पोशाख. उद्घोषक नाव विचारतो, तो 'ह्यूमन स्पायडर' सांगतो, उद्घोषकाला ते नाव बुळबुळीत वाटतं आणि तो परस्पर 'अमेझिंग स्पायडर-मॅन' असा पुकारा करून टाकतो. म्हणजे नावही आलं, आणि तेही दुसऱ्यानं ठेवलेलं. तरीही तो अजून सुपरहिरो झालेला नाही. मग आयोजक पैशाला टांग मारतो, त्याला लुटून पळणाऱ्या चोराला पीटर मुद्दाम वाट देतो, आणि काकांचा खून होतो. राहिलेली खूण, म्हणजे व्रत, या फटक्यातून येते. तिन्ही सुट्या सुट्या दाखवून मग बांधल्यामुळे त्या चित्रपटाचा पहिला तास म्हणजे या प्रकाराची मुळाक्षरंच आहेत.

नेमणूक कोणी केली?

तिन्हीपैकी व्रताची खूण सगळ्यात सोपी वाटते, पण तिच्यातच बरेचसे उमेदवार गळतात. जेम्स बाँडकडे आकड्यातलं नाव आहे, करामती यंत्रं आहेत, जग वाचवण्याचं काम आहे. पण ते काम त्याला सरकार देतं. वरून हुकूम आला की तो निघतो, महिन्याला पगार घेतो. सुपरहिरोला कोणी नेमलेलं नसतं. त्यानं स्वतःच स्वतःला नेमलेलं असतं, आणि म्हणूनच पोलिसांचं त्याच्याशी कधी जमत नाही.

सिंघमचं दुसरं आणि पक्कं उत्तर इथे मिळतं. तो ड्युटीवर आहे. त्याच्या शेजारी १९८८चा 'शहेनशाह' ठेवून बघा. तोही इन्स्पेक्टरच. दिवसा वर्दीत लाचखाऊ, घाबरट वाटणारा विजय आणि रात्री काळ्या पोशाखात, एका हातावर पोलादी जाळी चढवून फिरणारा शहेनशाह. अंगात अचाट शक्ती कसलीच नाही. पण वर्दीला जे जमत नाही ते करण्यासाठी त्यानं वेगळं नाव घेतलं, वेगळे कपडे घातले, आणि तो कोणाचाही हुकूम घेत नाही. दोन पोलीस, दोघेही गुंडांना लोळवणारे. एक पोलीसपटाचा नायक, दुसरा बॅटमॅनच्या घराण्यातला. शहेनशाहला हिंदी सिनेमातला अस्सल सुपरहिरो म्हणायला मी कचरणार नाही, मग त्याचे संवाद कितीही नाटकी असोत.

राखणदार आणि महाबली वेताळ

कोकणातल्या माणसाला इथे एक शंका हमखास येते. राखणदार आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. वेंगुर्ले तालुक्यात आरवलीला श्री देव वेतोबाचं देऊळ आहे. माणसाहून उंच, उभी मूर्ती. नवस फेडायला लोक केळ्यांचे घड आणतात आणि चामड्याच्या चपला वाहतात. चपला कुठल्या, तर आपला हात कोपरापर्यंत आत जाईल अशा भल्यामोठ्या, जाड तळव्याच्या. देव रात्री गावाची राखण करत फिरतो, म्हणून त्याच्या चपला झिजतात, अशी श्रद्धा. वाहिलेल्या चपलांचे तळ झिजलेले असल्याचं सांगणारी माणसं आजही भेटतात.

शक्ती आहे, गावाच्या राखणीचं काम आहे, लांबून ओळखू येईल असं रूप आहे. मग वेतोबाला सुपरहिरो का म्हणायचं नाही? नुसतं 'देवाला असं म्हणू नये' हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही. खरं कारण असं की वेतोबाला दिवसा जगायचं दुसरं आयुष्य नाही. तो रात्री देव आणि सकाळी गावातला कोणी सुतार असं नाही. राखण करायची की नाही, असा पेच त्याला कधी पडत नाही. देव हा देवच असतो.

आता याच्या शेजारी ली फॉकचा फँटम ठेवा. १९३६ मध्ये तो अमेरिकन वर्तमानपत्रांत आला, म्हणजे सुपरमॅनच्याही आधी. चिकट पोशाख, बुबुळं न दिसणारा मुखवटा, कवटीची अंगठी. पुढे इंद्रजाल कॉमिक्समधून तो मराठीत महाबली वेताळ होऊन आला आणि आमच्या आधीच्या पिढीनं एसटी स्टँडवरच्या बाकांवर बसून त्याची पारायणं केली. जंगलातले लोक त्याला अमर समजतात, शेकडो वर्षं हाच राखण करतोय असं मानतात. वाचकाला मात्र ठाऊक असतं की हा एकविसावा. आधीचा मेला की मुलगा तोच पोशाख चढवतो. आत हाडामांसाचा, म्हातारा होणारा, गोळी लागली तर मरणारा माणूस आहे.

माझ्या मते सुपरहिरोच्या गोष्टीचा कणा हाच आहे. लोकांना दिसतो तो राखणदार, आणि वाचकाला दिसतो तो राखणदाराच्या पोशाखातला माणूस. या दोन नावांमधलं अंतर जितकं गोष्टीच्या कामी येतं तितका तो चित्रपट सुपरहिरोपट. शक्ती कमी-जास्त चालते, पोशाख बदलतो, पण हे अंतर नसेल तर उरतो तो नुसता हाणामारीचा किंवा पौराणिक चित्रपट. शक्तिमान आठवला की गंगाधर आठवतोच ना? त्या मालिकेची निम्मी मजा पुढे आलेल्या दातांच्या, धांदरट गंगाधरात होती.

दशावतार बघत वाढलेल्याला हे वेगळं समजावायला लागत नाही. जत्रेच्या रात्री देवळाच्या मागे कलाकार आपापले पेटारे उघडून बसतात. आरशाच्या तुकड्यात बघून स्वतःच तोंड रंगवतात, मुकुट बांधतात. थोड्या वेळापूर्वी शेजारी बसून चहा प्यालेला माणूस पखवाज आणि पायपेटीच्या तालावर राजा होऊन येतो आणि लिहिलेली संहिता नसताना पहाटेपर्यंत बोलतो. 'रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा' ही म्हण या लोकांवरूनच पडली आहे. प्रेक्षक राजाही बघतो आणि बोजाही त्याला माहीत असतो. सुपरहिरोपट प्रेक्षकाला याच दुहेरी नजरेनं बसवतो. फरक इतकाच की दशावतारी कलाकार सोंगाचं काम रंगमंचावर संपवतो आणि सुपरहिरो सोंग घेऊन खऱ्या गावात उतरतो.

मिस्टर इंडियाचा वाद यातच मिटतो. १९८७च्या त्या चित्रपटात अरुणकडे पोशाख नाही, कारण अदृश्य माणसाला पोशाख कसला! पण नाव आहे, आणि त्या नावाच्या प्रेमात पडलेली सीमा आहे, जी त्याच घरात राहणाऱ्या अरुणला ओळखत नाही. लाल काचेतून किंवा लाल उजेडात तो दिसतो, ही अडचणही अस्सल सुपरहिरोची. उडता येत नाही म्हणून त्याला बाद करणं म्हणजे बॅटमॅनलाही घरी पाठवणं.

ओळख गुप्तच हवी असंही नाही. 'आयर्न मॅन' (२००८) संपता संपता टोनी स्टार्क पत्रकारांसमोर सरळ सांगून टाकतो की तो मीच. तरी अंतर राहतंच. चिलखताच्या आत छातीत लोखंडाचे कण घेऊन बसलेला, दारू पिणारा कारखानदार आहे हे आता सगळ्या जगाला माहीत असतं, इतकंच. 'ब्लॅक पँथर' (२०१८) मधला टी'चाला तर राजा आहे. मग बाहुबलीनं काय घोडं मारलं? टी'चाला आणि ब्लॅक पँथर हे दोन वेगळे कप्पे आहेत. वनस्पतीच्या रसानं आलेली शक्ती गादीसाठीच्या लढतीच्या आधी विधिपूर्वक काढून घेतली जाते, आणि तो साधा माणूस म्हणून लढतो. हरला तर मुखवटा दुसऱ्याकडे जातो. बाहुबलीचं बाहुबलीपण असं काढून ठेवता येत नाही. तो वीरकथेतला वीर आहे, त्याचं घराणं वेगळं आणि फार जुनं.

एक सुपरहिरो असला म्हणजे तो सुपरहिरोपट झाला का?

नाही. पात्र आणि चित्रपट यांची गल्लत इथेच होते. 'जोकर' (२०१९) घ्या. नाव बॅटमॅनच्या शत्रूचं, शहर बॅटमॅनचं, हक्क त्याच कंपनीचे. व्हेनिसच्या महोत्सवात त्याला सर्वोच्च पुरस्कार मिळाला तेव्हा 'सुपरहिरोपटाला मान मिळाला' असं कौतुकानं बोललं गेलं. मला ते पटत नाही. त्यात शक्ती नाही, व्रत तर नाहीच नाही. एकाकी, मोडत गेलेल्या माणसाची ती गोष्ट आहे. दुसऱ्या नावानं काढला असता तर कोणी त्याला या खणात ठेवलं नसतं.

याच्या अगदी उलट 'अनब्रेकेबल' (२०००). एम. नाइट श्यामलनच्या या चित्रपटाची जाहिरात रहस्यपट म्हणून झाली. स्टेडियमवरचा एक सुरक्षारक्षक रेल्वे अपघातातून एकटा, ओरखडाही न उमटता वाचतो. त्याला स्वतःलाच आपल्या ताकदीचा पत्ता नसतो. मुलगा व्यायामाच्या दांड्यावर वजनं चढवत जातो, आणि बाप उचलत जातो. पोशाख म्हणाल तर नोकरीवरचा टोपीवाला रेनकोट, पावसात तो झग्यासारखा दिसतो. उडणं नाही, स्फोट नाहीत, आणि तरीही मी बघितलेल्यांत तो सगळ्यात शुद्ध सुपरहिरोपट आहे. कारण आपण कोण आहोत आणि त्याचं काय करायचं, या प्रश्नाशिवाय त्यात दुसरं काहीच नाही.

पोशाखाची लाज चित्रपटवाल्यांना बरीच वर्षं वाटत होती, हेही जाता जाता सांगायला हवं. २०००च्या 'एक्स-मेन' मध्ये सगळ्यांना काळं चामडं घातलं आणि कॉमिक्समधल्या पिवळ्या पोशाखाची पात्रांच्या तोंडूनच टर उडवली. तंत्रज्ञान सुधारलं, चित्रपट तुफान चालले, तसे रंग परत आले.

नावावरची मालकी

या सगळ्यात 'सुपरहिरो' या नावाचीच एक भानगड होती. डीसी आणि मार्व्हल या कॉमिक्स काढणाऱ्या, एकमेकींच्या कट्टर स्पर्धक कंपन्यांनी ते नाव अमेरिकेत १९८१ पासून संयुक्त ट्रेडमार्क म्हणून नोंदवून ठेवलं होतं. तिसऱ्या कोणी कॉमिक्सच्या शीर्षकात ते वापरलं की वकिलाची नोटीस जायची. कोकणातल्या बागायतदाराला हे प्रकरण चटकन कळेल. २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, पण ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर अशा सगळ्या पट्ट्यासाठी. दोन बागायतदारांनी मिळून 'हापूस' आपल्या नावावर करून घेतला असता तर काय झालं असतं, तसा हा मामला. अखेर एका छोट्या प्रकाशनानं आक्षेप घेतला, दोन्ही कंपन्यांनी मुदतीत उत्तरच दिलं नाही, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये ती नोंदणी रद्द झाली.

देव जेव्हा या खणात येतात

भारतात खरा गुंता इथे आहे. आपल्याकडे अचाट शक्तीचे साठे आधीच पुराणांत आणि लोककथांत भरलेले. ते सुपरहिरोपटात आणायचे कसे? मार्व्हलनं 'थॉर' (२०११) मध्ये एक वाट दाखवली होती. थॉर या उत्तर युरोपच्या पुराणांतल्या देवाची शक्ती बापानं काढून घ्यायची, त्याला न्यू मेक्सिकोतल्या एका आडगावात फेकून द्यायचं, आणि आपला हातोडा त्याला स्वतःलाच उचलता येऊ नये. आधी माणूस केला, मगच तो सुपरहिरो झाला.

तेलुगूतल्या 'हनुमान' नं (२०२४) उलटा मार्ग घेतला. देव देवच ठेवला आणि त्याच्या रक्तापासून झालेलं रत्न गावातल्या एका भुरट्या चोराच्या हाती दिलं. शक्ती पौराणिक, पण पेच त्या पोराचा. म्हणून तो सुपरहिरोपट आहे, पौराणिक चित्रपट नाही. मल्याळममधल्या 'लोका' नं (२०२५) केरळच्या लोककथेतली यक्षी घेतली, तिला आजच्या बेंगळुरूत भाड्याच्या घरात आणून ठेवलं आणि शेजाऱ्यांना पत्ता लागू दिला नाही. दोन नावांमधलं अंतर तयार झालं की लोककथेतली यक्षीसुद्धा या खणात बसते. 'कांतारा' (२०२२) मात्र बसत नाही. तिथे दैव, म्हणजे गावाचं राखणदार दैवत, अंगात येतं आणि निघून जातं. माणूस त्याचं वाहन आहे, तो नाव घेत नाही, निवड करत नाही. अवसर येणारा माणूस आपल्या गावात ज्यानं बघितला आहे त्याला हा फरक सांगावा लागणार नाही.

मराठीत या नावाखाली उघडपणे आलेला चित्रपट म्हणजे निखिल महाजनचा 'बाजी' (२०१५). श्रेयस तळपदे, मुखवटा, घोडा. शक्ती कसलीच नाही, त्यामुळे त्याची नाळ झोरोशी, म्हणजे १९१९ मध्ये कथेत आणि १९२० मध्ये पडद्यावर आलेल्या मुखवटेवाल्या घोडेस्वाराशी आहे. बॅटमॅनही त्याच झोरोच्या वंशातला. चित्रपट चालला की नाही हा वेगळा विषय, पण तिन्ही खुणा त्यानं जाणूनबुजून पाळल्या होत्या.

आणि मग येतो सुबोध खानोलकरचा 'दशावतार' (२०२५). दिलीप प्रभावळकरांनी केलेला बाबुली मेस्त्री हा म्हातारा दशावतारी, कोकणच्या जंगलावर घाला येतो आणि तो सोंगं घेऊन अन्यायापुढे उभा राहतो. पुढचं सांगून ज्यांनी बघितला नाही त्यांचा विरस करत नाही. पोशाख आहे, कोणी नेमणूक केलेली नाही, सोंगाच्या आत थकलेला माणूस आहे आणि कॅमेरा त्या माणसावरून हलत नाही. अडतं ते एकाच ठिकाणी. बाबुली स्वतःचं असं नवं नाव घेत नाही. मत्स्य, वराह, नरसिंह ही रूपं त्याच्या आधीपासूनची आहेत, तो ती पेटाऱ्यातून काढून अंगावर चढवतो आणि परत ठेवतो. एक कायमचं दुसरं नाव त्याच्यामागे उभं राहत नाही. म्हणून माझ्या हिशेबात तीनपैकी अडीच खुणा, आणि 'दशावतार' सुपरहिरोपटांच्या यादीत नाही, यादीच्या समासात.